पावसाळ्यात पुण्याहून दापोलीला कारने जाताना गाडीत काय काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की जुलैत पुण्याहून दापोलीला निघायचं आहे, सोबत दोन लहान मुलं आहेत आणि एवढ्या लांब स्वतः गाडी चालवत जायची ही पहिलीच वेळ. आमचं गाव खेडजवळ आहे. त्यामुळे ताम्हिणी, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी हा रस्ता मी जवळजवळ दर पावसाळ्यात करतो.

सगळ्यात आधी स्टेपनीचं बघा. चार वर्षांपूर्वी गावाहून परत येताना ताम्हिणीत दुपारी चारला, धो धो पावसात मागचं चाक बसलं. डिकीत तांदळाचं पोतं, कपड्यांच्या बॅगा, आईने दिलेले डबे. स्टेपनी या सगळ्याच्या खाली, म्हणून सगळं बाहेर काढून ओल्या रस्त्यावर ठेवावं लागलं. मग नट सुटेनात. दहाच दिवस आधी नवीन टायर घातले होते आणि दुकानात हवेच्या गनने नट असे आवळले होते की गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्याने एकही हलला नाही. पाऊण तासाने एक टेम्पोवाले दादा थांबले. त्यांच्याकडे दोन फुटी लोखंडी पाइप होता. तो पान्याच्या दांड्यावर सरकवून जोर दिला आणि पाचही नट सुटले. स्टेपनी बसवली तर तिच्यात हवा निम्मीच. पौडच्या अलीकडे पंक्चरवाला मिळेपर्यंत वीसच्या वेगाने आलो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी वळणावर आम्हाला बघेल ना, हीच भीती तेवढा वेळ मनात होती.

म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा चाक स्वतः काढून परत बसवा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, जॅक त्यानंतर लावायचा. बसवताना समोरासमोरचे नट आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाना लावून बघायचा. अलॉय व्हील असतील तर त्यात चोरी होऊ नये म्हणून एखादा वेगळा नट असतो. त्याची किल्ली गाडीतच आहे ना, तेही बघून घ्या. गाडी अलीकडची असेल तर डिकी उघडून स्टेपनी दिली आहे का हेच आधी तपासा. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनीशिवाय विकायची परवानगी आहे.

मी आता एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये हे ठेवतो: क्रॉस पाना, दोन फुटी पाइप, जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी (पावसात साइडपट्टीची माती दबते आणि जॅक कलंडतो), चाकाला लावायला दोन लाकडी उटी, गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, ट्यूबलेसचं पंक्चर किट, जुने हातमोजे आणि डोक्याला बांधायची टॉर्च. हातातली टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतो. खिळा टायरच्या मधल्या भागात असेल तर किटने काम होतं. बाजूची भिंत फाटली असेल तर चाकच बदलावं लागतं. हा क्रेट बॅगांच्या खाली जाता कामा नये. मी तो मागच्या सीटच्या पायापाशी ठेवतो.

लाल त्रिकोण त्याच क्रेटमध्ये. तो गाडीला टेकवून उभा करू नका, निदान पन्नास पावलं मागे, आणि घाटात वळणाच्या अलीकडे ठेवा. बरेच जण त्याऐवजी दगड आणि फांद्या रस्त्यावर मांडतात आणि काम झालं की तशाच टाकून जातात. रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततं हो ते. कृपा करून असं करू नका.

धुक्याची तयारी वेगळी. वायपरचे रबर नवे घाला, काच आतून पुसायला दोन सुती फडकी समोरच ठेवा आणि काचेवर वाफ धरली की एसी चालू करून हवा काचेकडे वळवा. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळताय की उभे आहात ते मागच्याला कळत नाही. लो बीम पुरेसा असतो.

मुलांसाठी उलटीच्या पिशव्या, आलेपाक, एक टॉवेल आणि कपड्यांचा एकेक कोरडा जोड सगळ्यात वर. उलटीच्या गोळीने झोप येते, त्यामुळे चालवणाऱ्याने ती घेऊ नये. खायला दशम्या, चटणी, पाणी भरपूर. छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. प्रथमोपचाराची पेटी, गाडीचे कागद, फास्टॅगमध्ये पैसे, हे तुम्हाला माहीत असेलच. पौड सोडल्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि माणगावनंतर महामार्गावर असाल तर १०३३.

कॅनमध्ये जादा पेट्रोल मात्र नेऊ नका. बंद गाडीत ते धोक्याचं आहे आणि माणगाव, महाड, खेड सगळीकडे पंप आहेत.

टोइंगचा पट्टा घ्या, पण तो वापरायची वेळ येऊ नये म्हणून एक ऐका. रस्त्यावरून गढूळ पाणी वाहतंय आणि खालचं डांबर दिसत नाही, अशा ठिकाणी गाडी घालू नका, पुढचा गेला तरीही. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर आतला रॉड वाकतो. मुलांना आधी उतरवून उंचावर न्या, गाडी नंतर ओढून काढता येते. पहाटे पाचला निघालात तर ताम्हिणी उजेडात लागेल. दरडीमुळे घाट बंद नाही ना, याची आदल्या रात्री चौकशी करा. भोरवरून वरंध घाटाने जायचा विचार असेल तर पावसाळ्यात तो सोडाच, तो बऱ्याचदा बंद असतो.