मॅडम, अजून एक नंबर देऊ नका

"लेकराला सेरेब्रल पाल्सी आहे, तालुक्याच्या गावात राहतो, थेरपी कुठे मिळेल, आणि ते दिव्यांग सर्टिफिकेट काढावं का, काढलं तर पुढे पोरीला त्रास होईल का?" हा प्रश्न मला महिन्यातनं चार-पाचदा तरी येतो, कधी आई विचारते, कधी मावशी, कधी शाळेतल्या बाई. (सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं.) आणि खरं सांगते, कितीतरी वर्षं माझ्याकडे याचं पाठ केलेलं उत्तर होतं, योजनांची नावं आणि चार फोन नंबर, झालं. ते उत्तर चूक नव्हतं पण कामाचंही नव्हतं, हे मला एका आईने दाखवलं, तिचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

बाई माणदेशातल्या, तिशीच्या आसपास. पाच वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन दोन एसट्या बदलून आलेल्या, पोरगी बारीक पण पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, त्यामुळे धरायला अवघड. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिक पिशवी, तोंडाला रबर लावलेलं. मी नेहमीसारखं ऐकून घेतलं, मग माझी छापील यादी काढली, या केंद्राला फोन करा, त्या संस्थेत जाऊन या वगैरे. त्यांनी यादी घेतली, घडी घातली आणि पिशवीत टाकताना म्हणाल्या, "मॅडम, अजून एक नंबर देऊ नका. असल्या लय चिठ्ठ्या हायत माझ्याकडं. जातोय तिथं म्हणत्यात हितं न्हाय, तिकडं जावा."

मग मी म्हटलं दाखवा बघू पिशवी, आणि आम्ही दोघींनी ती टेबलावर पालथी केली. एमआरआयची फिल्म, जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, आणि सात चिठ्ठ्या. एका कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला नंबर बंद होता. एक केंद्र शंभर किलोमीटरवर. एका ठिकाणी फक्त मोठी मुलं घेतात. दोन चिठ्ठ्यांवर नुसतं डॉक्टरचं आडनाव, गावच नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी चुरगाळलेला एक छापील फॉर्म, त्यावर आरबीएसकेचा शिक्का, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आणि खाली लिहिलेलं की पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला पाठवावे. तारीख दोन वर्षांपूर्वीची!

मी विचारलं हा कागद कुणी दिला, तर म्हणाल्या अंगणवाडीत गाडी आलती, डॉक्टर पोरांना तपासत होते, त्यांनी दिला, "म्हटलं आसंल वजनाचा कागद."

हे सांगायचं कारण असं की हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक वर्षातनं दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, जन्मजात दोष, वाढीतला उशीर असं काही दिसलं की पुढे पाठवतं. आणि डीईआयसी म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवरचं केंद्र जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, बोलण्याची थेरपी देणारे, मानसतज्ज्ञ अशी माणसं एका छताखाली असावीत अशी योजना आहे, फुकट. (असावीत म्हणतेय, कारण पदं रिकामी असतात, ते पण खरंय.) तिथे दिव्यांग सर्टिफिकेट लागत नाही! निम्म्या घरांचा समज असतो की आधी सर्टिफिकेट मग थेरपी, आणि सर्टिफिकेटवरून घरात वाद चाललेला असतो, त्यात वर्षं जातात. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नसते, पण स्नायू आखडत जातात, सांधे वाकडे होतात, म्हणून थांबणं महाग पडतं.

त्या दिवशी मी यादी बाजूला ठेवली आणि त्यांच्या समोरच डीईआयसीला फोन लावला, स्पीकरवर. दोनदा कुणी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला, बुधवारी या म्हणाले. मी विचारलं किती वाजता, कुठल्या खोलीत, येताना काय आणायचं, आणि बाईंनी ते सगळं त्याच जुन्या फॉर्मच्या मागे लिहिलं. दहा मिनिटांचं काम होतं हो. पण मी ते आधी कधीच केलं नव्हतं, नंबर दिला की माझं काम संपलं असं वाटायचं.

बुधवारी त्या गेल्या. पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने व्यायाम नंतर, आधी पोरीला उचलायचं कसं ते शिकवलं. बाळासारखं आडवं घेऊ नका, पाय फाकवून कमरेवर घ्या, म्हणजे पाय उघडे राहतील आणि तुमची कंबरही वाचेल. आणि जेवू घालताना मांडीवर निजवून नाही, बसवून, मान किंचित पुढे. बाई मला नंतर म्हणाल्या, "पाच वर्सं झाली, हे कुणीच सांगितलं न्हवतं."

आता सर्टिफिकेट. नवरा तयार नव्हता. त्याचं म्हणणं, "धाकलीवर एकदा शिक्का बसला की थोरलीच्या लग्नात आडवा येईल." थोरली तेरा वर्षांची! मी त्याला फोनवर कायदा सांगत बसले, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व, ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, घराजवळच्या शाळेत नाहीतर आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाला आणि काहीच केलं नाही. बरोबरच आहे, त्याची भीती कायद्याची नव्हतीच.

त्याला वळवलं दुसऱ्याच माणसाने. थेरपीला एक ट्रॅक्टरवाले गृहस्थ यायचे, त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. एका बुधवारी हा नवरा बायकोसोबत आला होता, बाहेर बाकड्यावर दोघे बसले, तंबाखू मळता मळता बोलणं निघालं. त्या गृहस्थांनी पाकीट काढलं आणि लायसनच्या मागे ठेवलेलं मुलाचं कार्ड दाखवलं, "ह्ये बघा, कुठं दिसतोय शिक्का? कंडक्टरला दाखवायचं आन परत खिशात." बस एवढंच. मी तीन वेळा जे समजावून थकले ते तंबाखूच्या एका चिमटीत झालं.

हे कार्ड म्हणजे यूडीआयडी, सर्टिफिकेटसोबत मिळणारं दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, मोबाईलवरून जमत नसेल तर सेतू किंवा ई-सेवा केंद्रात जा, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा न्या. मग दवाखान्यात तपासणीची तारीख. इथे मात्र जीव जातो. या जोडप्याला एका सरकारी दवाखान्यातून तीनदा परत पाठवलं, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा मशीन बंद, एकदा "आज कोटा संपला". दोघांची मजुरी तीन दिवस बुडाली. म्हणून मी आता सांगते, निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारा की उद्या डॉक्टर आहेत का, आणि जुने सगळे कागद, एमआरआय सकट, न्या. त्यांना शेवटी ७५ टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालं. लहान मुलांचं बऱ्याचदा काही वर्षांपुरतंच असतं, पुन्हा तपासणी करावी लागते, तेव्हा त्यावरची मुदत वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कार्डाने काय झालं? एसटीत ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट (आईला तसंही महिला म्हणून अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे याचा फायदा बाप सोबत आला तर! मी ते मुद्दाम बापाला ऐकवलं). निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात. पैसे आधी आपण भरायचे मग क्लेम, म्हणून बिलं टाकून देऊ नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो हे तर गावात कुणाला माहीतच नव्हतं, ग्रामसेवकाला अर्ज दिलाय, पोच घेतलीय. मंजूर झाला का विचाराल तर अजून नाही, "पुढच्या मीटिंगला बघू" चाललंय.

आणि या सगळ्यात माझी मोठी चूक सांगायची राहिली. तिसऱ्या का चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, तुम्ही बुधवारी येता तेव्हा घरी कोण असतं, जनावरं कोण बघतं. म्हणाल्या "थोरली. ती बुधवारची शाळंला जात न्हाय." मग हळूहळू कळलं की बुधवारच नाही, आई रोजंदारीला गेली की धाकलीला सांभाळायला थोरलीच घरी, सातवीत आहे आणि पटावर नुसतं नाव. तीन भेटींत मी त्या मुलीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. अपंग मूल असलेल्या घरात दुसरं मूल गप्पच असतं, तक्रार करत नाही, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

पंचायत समितीत गट साधन केंद्र असतं, तिथे समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचे विशेष शिक्षक असतात, आणि ज्या मुलांना शाळेत रोज येणं शक्य नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवण्याचीही सोय त्यात आहे. तिथे मी स्वतः गेले, फोन केला नाही, कारण आता शहाणी झालेय. तिथले एक सर गुरुवारी गुरुवारी घरी यायला लागले. अंगणवाडीताईंशी बोलून धाकलीला अकरा ते दोन तिथे बसवायचं ठरलं, पण बसणार कशावर? कॉर्नर चेअर पाहिजे. साहित्य वाटपाच्या कॅम्पमध्ये तिथल्या लोकांनी माप घेतलं, चेअर काही आली नाही. शेवटी बापाने जुन्या दिवाणाच्या फळ्या कापून बनवली, सरांनी फोनवर माप सांगितलं, पाठीमागे कोपरा, पायांच्या मध्ये खुंटी, पुढे पाटी ठेवायला फळी. कडेला लागू नये म्हणून सायकलची ट्यूब ठोकलीय. मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं.

थोरली आता आठवड्यातले पाच दिवस शाळेत असते. बुधवारी अजून नाही जात, ते सुटायचंय.

परवा बाईंचा फोन आला, मला वाटलं ग्रामपंचायतीचं काहीतरी. तर म्हणाल्या, "मॅडम, अंगणवाडीत बाकीची पोरं बघून ही खाताना हसती आन ठसका लागतोय, काय करू?" मी म्हटलं फोन ठेवू नका, आणि डीईआयसीतल्या स्पीच थेरपिस्टना त्याच फोनवर जोडून घेतलं.