शाळेच्या आनंदमेळ्याची आखणी : आधी रांगांचा विचार करा

आनंदमेळ्याची जबाबदारी प्रथमच स्वीकारताना बहुतेकांचे लक्ष खेळांच्या यादीकडे जाते. माझ्या मते मात्र पहिला हिशेब रांगांचा करावा. एका मुलाला ३ मिनिटे लागणारा खेळ तासाभरात २० मुलांनाच पुरतो, म्हणजे ३०० मुले येणार असतील, तर असे १० स्टॉल मांडूनही ३ तासांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २ खेळ येतात. म्हणून तीन-चार मुलांना एकाच वेळी खेळता येतील असे, झटपट संपणारे खेळ अधिक निवडा आणि लहानग्यांचे खेळ मोठ्यांच्या धावपळीपासून दूर, वेगळ्या कोपऱ्यात ठेवा.

पैशांचा व्यवहार प्रत्येक स्टॉलवर होऊ देऊ नका. एक-दोन खिडक्यांवर क्रमांक टाकलेली कुपने विकली, तर हिशेब सायंकाळीच जुळतो. (बक्षिसांवर फार खर्च करू नये, मुलांना पुन्हा खेळायला मिळणे अधिक आवडते.)

स्वयंसेवक पालकांना तासातासाच्या पाळ्या द्याव्यात, कारण दिवसभर एकाच ठिकाणी अडकलेल्या पालकाला स्वतःच्या मुलाबरोबर मेळा पाहता येत नाही आणि असा पालक पुढच्या वर्षी मदतीला येण्याची शक्यता कमीच. चुकलेल्या मुलांना आणून बसवण्याची जागा आणि प्रथमोपचाराचे टेबल प्रवेशद्वाराजवळ ठेवून त्यांची घोषणा वारंवार करावी. पाऊस आल्यास कोणते खेळ वर्गांत हलवायचे, हेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.