आरोग्य संशोधनात फील्डवर काम करणाऱ्या मुलीला पुढे करिअर असतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बहिणीचं एमएसडब्ल्यू झालं, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य संशोधन प्रकल्पात फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून घेत आहेत, करार 11 महिन्यांचा आहे आणि घरचे म्हणतात यात काही भविष्य नाही. माझे सासरे 2007 साली हेच म्हणाले होते. "वही घेऊन दारोदार हिंडणं, ह्याले काय नोकरी म्हणतेत?" म्हणून राहवलं नाही.

करिअर आहे. मी घाटंजीकडच्या नऊ गावांत फॉर्म भरण्यापासून सुरुवात केली. आज एका अभ्यासाची समन्वयक आहे. पण मधली दोन वर्षं मला कोणी परत देणार नाही.

आमचा अभ्यास गरोदर बायांचा आणि नवजात बाळांचा होता. 2009 मध्ये मलाच सातवा महिना लागला आणि त्याच महिन्यात करार संपला. "बाळंतपणानंतर बघू," एवढंच सांगितलं गेलं. माझी गावं एका मुलाला दिली. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी सातला मोटारसायकल काढायचा, एक घर सोडायचा नाही, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण काही महिन्यांनी आकडेवारी पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की या नऊ गावांत उपजत मेलेलं बाळ एकही नाही, गर्भपातही नाही. आधी होते, शेजारच्या गावांत आताही होते, फक्त इथेच थांबले.

प्रकल्पाच्या सरांचा फोन आला, चार दिवस येऊन बघ. माझी लेक साडेतीन महिन्यांची होती. आई माहेरहून आली, तिला घेऊन अंगणवाडीत बसली आणि मी घरं केली. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते, बाया वावरातून येईपर्यंत दिवे लागायचे. एका घरी फॉर्मवर सगळीकडे 'नाही' होतं. मी ओसरीवर बसलेच नाही, सुनेच्या मागं न्हाणीपाशी गेले. ती भांडी घासत होती. 'मूल दगावलं का' असं मी विचारत नाही. 'आतापर्यंत किती वेळा दिवस गेले' असं विचारते, आणि मग एकेकाचं काय झालं ते. ती म्हणाली, तीन वेळा. घरात लेकरं दोन.

"सात महिन्याचं झालं होतं ताई. रडलंच नाही. त्या भाऊले कसं सांगू मी, आन् समोर मामाजी बसलेले."

चार दिवसांत अशा पाच जणी निघाल्या. त्या पाच बाळांची कुठेच नोंद नव्हती. कागदावर ती झालीच नव्हती, मग ती का गेली याचा शोध तरी कोण घेणार होतं? बाई फील्डवर असणं ही कोणावर मेहेरबानी नाही, त्याशिवाय माहितीच खोटी येते. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो शोधनिबंध आला, पहिलं नाव राणीताईंचं. अंगावरून पांढरं जातं हे कोणती बाई परक्या माणसाला सांगेल?

पुढे मला परत घेतलं, पण नवीन भरती म्हणून, जुन्याच पगारावर. प्रश्न विचारायची माझी पद्धत मात्र पुढच्या फॉर्मात छापून आली. आणि आमच्या अभ्यासाचा निबंध निघाला तेव्हा, माझी गावं घेतलेल्या त्याच मुलानं तक्ते केले म्हणून त्याचं नाव लेखकांत, माझं शेवटच्या ओळीत, तेही 'फील्ड कर्मचाऱ्यांचे आभार' इतकंच. मी विचारलं तर सर म्हणाले, माहिती गोळा करणं म्हणजे लेखन नाही, तू एक ओळ तरी लिहिलीस का?

तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. लेखक ठरवायच्या तिच्या चार अटी आहेत. पहिली, अभ्यासाची आखणी, माहिती मिळवणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा. मग मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम रूपाला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं. नुसते फॉर्म भरले म्हणून नाव लागत नाही, हे मलाही मान्य आहे. पण पहिली अट ज्यानं पुरी केली त्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी द्यावी, हेही तिथेच लिहिलं आहे. प्रश्नाची पद्धत माझी, पाच नोंदी माझ्या. मसुदा मला दाखवलाच नाही, मग मी ओळ लिहायची कुठे?

बहिणीला सांगा, रुजू होण्याआधीच विचार की निबंधात नाव कोणाचं लागतं, आणि उत्तर ईमेलवर घे. फॉर्ममध्ये तिनं जे काही सुचवलं ते तारखेसह वहीत ठेवायचं. बाळंतपणाची रजा 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. करार मध्येच संपला तरी हा लाभ बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात सांगितलं. माझ्या वेळी हा निकाल नव्हता, तिच्या वेळी आहे. पुढे पीएचडी केली तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांत स्त्रियांना दोन वर्षं जास्त आणि 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. नुसत्या पदवीवर सुपरवायझरच्या पुढे जाणं अवघड जातं, तेव्हा शिक्षण सोडू देऊ नका.

एक सांगायचं राहिलं. माझे पती जिल्हा परिषदेचे शिक्षक, म्हणून बिनपगाराचे महिने निभले. आमच्या बॅचच्या सहा जणींपैकी या कामात दोघीच उरलो, बाकीच्या माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हत्या. आणि सगळे वरिष्ठ सारखे नसतात. माझे आत्ताचे सर स्वतः म्हणाले की बैठक चारच्या आत संपवा, बायांची शेवटची एसटी जाते.

घरच्यांनी काय करावं, हे तुम्ही विचारलंत आणि मी माझंच सांगत बसले. पांधण रस्त्यावर पावसाळ्यात एसटी येत नाही, तिला गाडी घेऊन द्या, तिच्या नावावर. आणि उद्या तिला लेकरू झालं तर चार दिवस अंगणवाडीत कोण बसेल, ते आईशी आत्ताच बोलून ठेवा.