‘ऑब्लिव्हियस’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? तो ‘अनअवेअर’च्या जागी वापरता येतो का?

एका शब्दकोशात ‘ऑब्लिव्हियस’चा अर्थ ‘विसराळू’ असा दिला आहे आणि दुसऱ्यात ‘अनभिज्ञ’ असा, तेव्हा यांपैकी खरा कोणता आणि ‘अनअवेअर’ऐवजी हा शब्द खुशाल लिहावा का, असे आपण विचारले आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत. फक्त पहिला आता बराच मागे पडला आहे. खुशाल मात्र लिहू नये, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक अर्ज पाठवायला मला उशीर झाला होता. मुदत अलीकडे आणल्याचे परिपत्रक माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, आणि तेच सांगण्यासाठी मी खुलाशात मोठ्या ऐटीत ‘आय वॉज ऑब्लिव्हियस टू द रिव्हाइज्ड डेट’ असे लिहिले. साहेबांनी त्या शब्दाभोवती लाल पेनाने गोल केला आणि विचारले, “परिपत्रक तुमच्या टेबलावर पडून होते आणि तुमचे लक्षच नव्हते, असे कबूल करताय का?” मी नाही म्हणालो. “मग ‘अनअवेअर’ लिहा,” असे म्हणून त्यांनी कागद परत केला.

शब्दाचे सगळे मर्म त्या एका प्रश्नात आहे. जी गोष्ट आपल्याला कळण्याचा मार्गच नव्हता, तिच्याबाबतीत आपण ‘अनअवेअर’ असतो. जी गोष्ट समोर घडत असते, डोळ्यांना दिसण्यासारखी किंवा कानांना ऐकू येण्यासारखी असते आणि तरीही मनापर्यंत पोहोचत नाही, तिच्याबाबतीत आपण ‘ऑब्लिव्हियस’ असतो. लोकलच्या दारात पाठीवर सॅक घेऊन उभा असलेला, कानांत इअरफोन खुपसलेला तरुण आठवून पाहा. तो वळला की सॅक मागच्या माणसाच्या छातीवर आदळते, पुन्हा वळला की शेजारच्याचा चष्मा हलतो, चार जण चुकचुकतात, आणि हा मोबाइलमधल्या मॅचकडे बघून गालात हसत असतो. तो उद्धट असेलच असे नाही, त्याला त्या सॅकचा पत्ताच नसतो. इंग्रजीत त्याला बेलाशक ‘ऑब्लिव्हियस’ म्हणावे. धक्का लागतो आहे हे ठाऊक असूनही तो तसाच उभा राहिला असता, तर मात्र हा शब्द चालला नसता. तिथे ‘इनडिफरंट’, म्हणजे आपला बेपर्वा, हाच शब्द योग्य ठरला असता.

मराठीत यासाठी वर्तमानपत्री भाषांतरे सरसकट ‘अनभिज्ञ’ वापरतात, ते मला पटत नाही. अनभिज्ञ म्हणजे माहिती नसलेला, आणि इथे प्रश्न माहितीचा नसून अवधानाचा आहे. ‘गाफील’ बराच जवळ येतो, पण त्यात पुढे काही धोका आहे अशी छटा असते. ‘बेखबर’ चालेल. माझ्या मते सर्वांत नेमका प्रयोग ‘भान नसणे’ हाच आहे: ‘आजूबाजूच्या गोंगाटाचे त्याला भानच नव्हते.’ विशेषणाला विशेषणच हवे हा हट्ट सोडला, तर मराठी वाक्य आपोआप सुधारते.

आता त्या ‘विसराळू’ अर्थाविषयी. हा शब्द ‘विसरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आणि इंग्रजीत पंधराव्या शतकापासून तो विसरभोळ्या माणसासाठी वापरात होता. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजा वैद्याकडे मनातले दुःख पुसून टाकणारे औषध मागतो, तेव्हा त्या औषधालाही हेच विशेषण लावलेले आहे, तिथे त्याचा अर्थ ‘विसर पाडणारे’ असा होतो. विसरण्यापासून लक्ष नसण्यापर्यंत शब्द कसा सरकला, याचे आश्चर्य वाटायला नको, कारण आपण स्वतः तेच करतो. मुलगा तहानभूक विसरून चित्र काढत बसला होता असे आपण म्हणतो, तेव्हा तहान म्हणजे काय हे तो विसरलेला नसतो. तहान लागलेली असूनही ती त्याला जाणवत नसते.

दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर कालिदासाच्या ‘शाकुंतल’चा चौथा अंक आठवावा. दुर्वास आश्रमाच्या दारात येऊन ‘मी आलो आहे’ असे सांगतात आणि दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला ते ऐकूच येत नाही. हा आजचा अर्थ. त्यावर ते शाप देतात की ज्याच्या चिंतनात तू मग्न आहेस, त्याला आठवण करून दिली तरी तो तुला ओळखणार नाही. हा जुना अर्थ. इंग्रजीत सांगायचे तर शकुंतला दुर्वासांविषयी ‘ऑब्लिव्हियस’ होती, आणि त्याची शिक्षा म्हणून दुष्यंत तिच्याविषयी ‘ऑब्लिव्हियस’ झाला.

वापराविषयी आणखी थोडे. या शब्दापुढे ‘ऑफ’ आणि ‘टू’ दोन्ही चालतात. जुने व्याकरणनिष्ठ लोक ‘ऑफ’चाच आग्रह धरत, आज ‘टू’ अधिक आढळतो. ‘अनअवेअर’पुढे ‘दॅट’ जोडून वाक्य सरळ पुढे नेता येते, इथे मात्र ते खटकते. ‘टू द फॅक्ट दॅट’ असा वळसा घ्यावा लागतो. याचे नाम ‘ऑब्लिव्हियन’ असले, तरी ते विस्मृतीच्या अर्थानेच रुळलेले आहे: एखादा कवी काळाच्या ओघात विस्मृतीत गेला, असे म्हणताना ते येते. बेभानपणासाठी ‘ऑब्लिव्हियसनेस’ असे लांबलचक नाम वापरावे लागते. उच्चारताना जोर ‘ब्लि’वर द्यावा, आणि तो ‘ल’ घाईत गिळू नये. तो गिळला की ऐकणाऱ्याला ‘ऑब्व्हियस’ ऐकू येते, आणि त्याचा अर्थ आहे उघड दिसणारे.