पाळीच्या आधी आठवडाभर स्तन दुखतात, डावीकडे जास्त. वय 32. कॅन्सर असेल का? डॉक्टरकडे कधी जावं?

पाळी सुरू झाल्यावर दुखणं उतरतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. उतरत असेल तर ते बहुतेक हार्मोन्सचं दुखणं. काखेच्या बाजूला जड-जड वाटतं, ब्रा नकोशी होते, जिना उतरताना हात छातीशी धरावा लागतो. एका बाजूला जास्त दुखणं हेही त्यात बसतं. बाकी काहीच लक्षण नाही, नुसतं दुखतंय, अशा बाईला कॅन्सर निघणं फार कमी.

तुमचा प्रश्न वाचला आणि 2016 साल आठवलं. आमचं घर मिरजेजवळच्या गावात, एकत्र कुटुंब. मी 34 ची. छाती दुखायला लागली तशी घाबरून रडले, आणि यांनी आठ दिवसांत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडे तपासलं, काखेत चाचपलं, बरगड्यांच्या कडेला दाबून पाहिलं (कधीकधी दुखणं बरगडीचं असतं आणि आपल्याला स्तनाचं वाटतं). सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. त्या म्हणाल्या, तीन महिने रोज लिहून ठेवा, किती दुखलं ते दहापैकी आकड्यात.

वेगळी वही कोण शोधणार? मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, पेन्सिलीने आकडे टाकायला लागले. तिसऱ्या महिन्यात चित्र समोर आलं. पाळीआधीच्या आठ दिवसांत सहा, सात, सात, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी शून्य. माझी निम्मी भीती त्या भिंतीवरच गेली. मापाची, नीट आधार देणारी ब्रा घेतली, फार दुखलं त्या दिवशी डायक्लोफेनॅकचं जेल लावलं. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या सगळे सुचवतात, मीही खाल्ल्या, फरक पडला नाही.

महिनाअखेरीला दुधाचा हिशेब मोठ्या जाऊबाई करायच्या. त्यांनी आकडे पाहिले. "हे काय गं?" मी सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "मला गाठ आहे. गेल्या गणपतीपासून. पण दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

आठ महिने! माझ्या दुखण्यासाठी घर धावलं, आणि त्यांची गाठ दुखत नव्हती म्हणून कुणाला कळलीही नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. शाळेत, बचत गटात, जिथे चार बायका जमतात तिथे हे आधी सांगायला हवं.

त्यांना न्यायचं ठरलं तर मोठे भाऊजी आडवे आले. "सुई लावली की पसरतं." दोन महिने कुठल्या तरी चूर्णावर काढले. मी भांडले, दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे मिरजेला नेलं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी. कॅन्सरच निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन. जाऊबाई आज आहेत, शेवयाही करतात. पण भाऊजी अजून म्हणतात, सुईशिवायही झालं असतं.

नसतं झालं. त्या तुकड्यावरच कळतं की गाठ कसली आहे, हार्मोनच्या गोळीला दाद देईल का, कोणतं औषध लागेल. अशा तपासणीने कॅन्सर पसरतो हा समज चुकीचा आहे. त्यांचं दुसरं पालुपद, "हाताने चाचपून काय कळतं?" टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईत सुमारे दीड लाख बायकांवर 20 वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही, हेही खरं. पण जाऊबाई तेव्हा 51 च्या होत्या, भाऊजी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. गाठ लागली, स्तनात किंवा काखेत, तर दुखो न दुखो, लगेच जा. बोंडातून रक्तासारखं पाणी, बोंड नव्याने आत ओढलं जाणं, कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, तरीही जा. एकाच जागी दुखतंय आणि पाळीशी संबंध नाही, किंवा पाळी बंद झाल्यावर नव्याने दुखायला लागलं, तर दाखवा. आई-बहिणीला कमी वयात झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असाल आणि स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी जा, पाजणं मात्र परस्पर थांबवू नका. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची तपासणी.

आणि डावीकडे म्हणालात म्हणून एक राहिलं. चढताना, काम करताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम येत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते स्तनाचं समजून घरी बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि आधी ईसीजी काढा.