रात्री अडीचची जाग

"मॅडम, दिवेलागण झाली की पोटात गोळा येतो. आता रात्र होणार."

सुनंदाताईंचं हे पहिलंच वाक्य. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) वय ४९, डोंबिवलीत पोळीभाजीचा व्यवसाय, पहाटे पाचला कणीक मळायला बसायचं. पाळी बंद होऊन १४ महिने झाले होते. रात्री दोन-अडीचला छातीतून कानशिलापर्यंत गरम वाफ चढायची, गाऊनची पाठ भिजायची आणि थोड्या वेळात तेच अंग गार पडायचं. "वाफ जाते हो, पण झोप परत येत नाही. पाळी गेली तशी झोपही गेली असंच समजायचं का?"

चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायका हाच प्रश्न घेऊन येतात. घरून उत्तर मिळालेलं असतं, "या वयात व्हायचंच." मला हे उत्तर मुळीच मान्य नाही.

इस्ट्रोजेन घटलं की शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग हळवा होतो. अंग जरासं तापलं तरी तो घाम फोडून गार करायला धावतो. त्यामुळे वाफा हे मनाचे खेळ नव्हेत. पण वाफ काही मिनिटांची, आणि ताई जाग्या राहायच्या दोन-दोन तास. त्या उरलेल्या वेळाचं कारण वेगळं होतं.

आधी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी होतं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हेही विचारून घेतलं, कारण पाळी गेल्यावर तो त्रास वाढू शकतो. हार्मोनच्या उपचारांबद्दल डॉक्टर बोलल्या. अनेकींना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण ताईंनी आधी सवयी बदलून पाहायचं ठरवलं. (पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठा.)

मग दोन आठवडे झोपेची नोंद. ताईंनी ती हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर केली, फार नेटकी. नऊला दिवा बंद, पाचला उठणं. अंथरुणात आठ तास, झोप सरासरी सव्वापाच. झोप भरून निघावी म्हणून त्या लवकर पडत होत्या आणि तिथेच घोळ होत होता. संध्याकाळी सहाला मोठा कप चहा असायचा. त्यातलं निम्मं कॅफिन रात्री अकराच्या सुमारासही अंगात असू शकतं. शिवाय जाग आल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिलेली होती: २.२०, २.४५, ३.१०. समोर भिंतीवर घड्याळ. "बघते आणि मोजते, आता दोनच तास राहिले."

मी म्हटलं, "ताई, साडेअकराच्या आत अंथरुणाला पाठ टेकायची नाही. उठायचं मात्र पाचलाच. दुपारची डुलकीही बंद."

त्या चिडल्या. "झोप येत नाही म्हणून आले, आणि तुम्ही जागायला सांगता?"

राग रास्त होता. त्यांच्याच भाषेत सांगितलं. सात वाजता बटाटेवडे खाल्ले तर नऊला जेवण जात नाही. झोपेलाही कडकडून भूक लागावी लागते. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराचा हा भाग आहे. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर हाच उपचार गोळ्यांच्या आधी सुचवला. पण अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली नेत नाहीत. ज्यांना फिट्स येतात, बायपोलर (अति उत्साह आणि अति उदासी आलटून-पालटून येण्याचा) आजार आहे किंवा ज्यांचं काम गाडी चालवण्याचं आहे, त्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

दुसरी गोष्ट, जाग आली आणि झोप दूर आहे असं वाटलं की पडून राहायचं नाही. ताई स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलू लागल्या. तेही थांबवलं. रात्री अडीचला धंद्याचं काम उरकायला लागलं की शरीर त्याच वेळेला उठायला शिकतं. मंद दिव्यात नुसतं बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं.

दुसऱ्या भेटीत यजमान आले. पंख्यावरून रोज भांडण, यजमानांना थंडी आणि ताईंना उकाडा. ते हळूच म्हणाले, "ही रात्री पांघरूण भिरकावते. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे." ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या महिन्यांत दोघं यावर बोललेच नव्हते. उपाय साधा निघाला. यजमानांना स्वतंत्र गोधडी, ताईंना सुती चादर, पंखा ताईंच्या बाजूला. घड्याळ हॉलमध्ये गेलं, गजर उशापासून लांब, पाठ करून. चहा दुपारी तीनपर्यंतच.

पहिला आठवडा वाईट गेला. पोळ्या करपल्या, एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं. पाचव्या दिवशी फोन आला, "मी सोडते हे." मी म्हटलं, आणखी आठ दिवस द्या. तिसऱ्या आठवड्यात साडेपाचपैकी जवळजवळ पाच तास सलग झोप लागू लागली. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत दोन महिन्यांनी झोपायची वेळ साडेदहावर आली.

वाफा अजून येतात. शेवटच्या भेटीत ताईंनी वही पुढे केली. "वाफ आली, चादर काढली, पाणी प्यायले, झोपले." शेजारच्या रकान्यात, जिथे पूर्वी २.२०, २.४५ असायचं, तिथे लिहिलं होतं: "किती वाजले होते, माहीत नाही."