बदलापूरचं घर आणि दर मार्चचे अडीच लाख

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, पत्नी ३३, मुलगी पाच वर्षांची. परळला २८० चौरस फुटांच्या घरात ३६ हजार भाडं देऊन राहतो. माझी नोकरी लोअर परळला, पत्नीची दादरला. दोघांचे मिळून हातात १ लाख ३० हजार येतात (माझे ८४, तिचे ४६). घरखर्च, शाळा आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे धरून ६२ हजार जातात. बदलापूरला ८५० चौरस फुटांचा टू बीएचके ५५ लाखांत मिळतोय, ताबा दोन वर्षांनी. ईएमआय भाड्याइतकाच बसेल आणि पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल, असं एजंट सांगतो. बँकेतून टॅक्ससाठी घेतलेली २० वर्षांची पॉलिसी आहे. अडीच लाखांप्रमाणे दहा प्रीमियम भरायचे, ५० लाख मिळणार. चार भरलेत. मार्चमधला पाचवा भरला की ती मोडून साडेबारा लाख आणि वर बोनस घेऊ, तेच डाउन पेमेंट. ३ लाखांची एफडी आहे. तिकडे गेल्यावर पत्नी वर्षभर नोकरी सोडून मुलीकडे पाहील, मग जवळपास काहीतरी बघेल. पुढच्या रविवारी टोकन द्यायचंय. परळ सोडावं का?

उत्तर : रविवारी टोकन देऊ नका. परळ की बदलापूर हा प्रश्न नंतर घेऊ, कारण ज्या साडेबारा लाखांवर तुम्ही हे घर उभं केलंय ते अस्तित्वातच नाहीत.

तुमच्यासारख्या पारंपरिक पॉलिसीत चौथ्या ते सातव्या वर्षात बाहेर पडलं, तर हमी असते ती भरलेल्या प्रीमियमच्या निम्म्या रकमेची. चार प्रीमियमचे दहा लाख भरलेत, म्हणजे पाच लाख. जमा झालेल्या बोनसचं सरेंडर मूल्य (मुदतीआधी पॉलिसी मोडल्यावर मिळणारी रक्कम) वेगळं मिळतं, पण तो बोनसचा छोटासा अंश असतो. सगळं धरून साडेपाच लाखांच्या आसपास हातात येतील. आता पाचवा प्रीमियम भरून मग मोडायचं ठरवलंत तर काय होईल? भरलेले साडेबारा, त्याचे निम्मे सव्वासहा. म्हणजे मार्चमध्ये अडीच लाख द्यायचे आणि एप्रिलमध्ये त्यातले सव्वा लाख परत घ्यायचे. हा प्रीमियम भरू नका.

‘२५ लाख भरा, ५० लाख घ्या’ हे वाक्य ऐकायला दामदुप्पट वाटतं. पण पहिला प्रीमियम २० वर्षं अडकतो आणि दहावा ११, म्हणजे तुमचे पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वार्षिक परतावा ढोबळमानाने कळतो. इथे ७२ भागिले साडेपंधरा : साडेचार टक्क्यांच्या थोडा वर. तोही मिळेलच असं नाही. पॉलिसी घेताना सही करून घेतलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनच्या कागदावर दोन रकाने असतात, एक गुंतवणुकीवर ४ टक्के परतावा गृहीत धरून आणि एक ८ टक्के. सांगितले जाणारे ५० लाख बहुतेक वेळा ८ टक्क्यांच्या रकान्यातले असतात, आणि त्यातला बोनसचा भाग हमीचा नसतो. तो कागद आज रात्री काढून पाहा. काउंटरपलीकडच्या माणसाने हे दोन रकाने समजावून सांगायला हवे होते. घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याला पैसे वीस वर्षं अडकवणारं उत्पादन ‘टॅक्स सेव्हिंग’ म्हणून विकणं मला अजिबात मान्य नाही. टॅक्सचंही तपासा. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०सीची, म्हणजे विम्याच्या प्रीमियमवर मिळणारी, वजावट नाही. ऑफिसला कळवून किंवा रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडत नसाल, तर या प्रीमियमवर तुमचा एक रुपयाही कर वाचत नाहीये. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाचीही वजावट मिळत नाही, तेव्हा एजंटने तीही मोजली असेल तर खोडून टाका.

मग पॉलिसीचं करायचं काय? मोडायची घाई नाही, भरणं मात्र थांबवायचं. इतके प्रीमियम भरलेली पॉलिसी बंद पडत नाही, पेड-अप होते. विमा रक्कम २५ लाख असेल तर ती चार-दशांश, म्हणजे दहा लाखांवर येते, आधी जमा झालेला बोनस तिच्यात जोडला जातो, पुढचा बोनस सहसा मिळत नाही. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आजची सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप ठेवल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम. समजा, आज साडेपाच लाख आणि १६ वर्षांनी १३ लाख. हे साडेपाच-सहा टक्के झाले. भाड्याने राहताय तोवर पेड-अप ठेवली तर चालेल. ज्या दिवशी साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर येईल, त्या दिवशी मोडून तेवढं कर्ज कमी घेणं फायद्याचं.

क्रम मात्र उलटा करू नका. पेड-अप झाली की तुमचं विमाकवच दहा लाखांवर येतं. आजचे २५ लाखसुद्धा या घरासाठी लागणाऱ्या ४४ लाखांच्या कर्जासमोर काहीच नव्हते, आणि पत्रात दुसरा विमा दिसत नाही. आधी दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा) ६० व्या वर्षापर्यंत घ्या, वर्षाला वीस-बावीस हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आली, की मगच जुनीचा प्रीमियम भरणं थांबवा. वार्षिक प्रीमियम भरायला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, त्यामुळे वेळ पुरेल. थांबवल्यावर बँकेतून फोन येईल : ‘अजून एकच भरा’, किंवा ‘ही मोडून नवीन घ्या, जास्त चांगली आलीय.’ दुसरं वाक्य जास्त महागात पडतं. नव्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचं कमिशन पुन्हा तुमच्याच पैशांतून जातं.

आता घराचा हिशेब. ५५ लाखांवर बँक ८० टक्के, म्हणजे ४४ लाख देईल. तुमचे ११. बांधकाम चालू आहे आणि किंमत ४५ लाखांच्या वर, म्हणून जीएसटी ५ टक्के : पावणेतीन लाख. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, साडेतीन लाखांच्या वर. (घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर यात एक टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर नाही.) नोंदणी ३० हजार. पार्किंग, सोसायटीची अनामत, आगाऊ मेंटेनन्स मिळून अडीच लाख. किचन, कपाटं, पंखे, ग्रिल साडेतीन लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी बँक कर्ज धरत नाही. खिशातून लागणार साडेतेवीस लाख, आणि तुमच्याकडे आहेत एफडी धरून साडेआठ. उरलेल्यासाठी लोक पर्सनल लोन काढतात. ते करायचं नाही.

ईएमआय भाड्याइतका, हे जवळजवळ खरं आहे : ४४ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, महिना ३८ हजार. पण ताबा दोन वर्षांनी आहे आणि तोवर परळचं भाडं चालूच राहणार. बांधकाम पुढे जाईल तसं बँक पैसे सोडते आणि त्यावर प्री-ईएमआय व्याज लागतं, शेवटी शेवटी महिना ३१ हजारांपर्यंत. त्या वेळचा महिना मांडा : खर्च ६२, भाडं ३६, व्याज ३१, आणि तुम्ही खर्चात धरलेलाच नाही असा पॉलिसीचा महिन्याला २१. झाले दीड लाख. मिळकत एक लाख तीस. अडीच लाखांना तुम्ही ‘बचत’ म्हणता, म्हणून ते कुठल्याच हिशेबात आले नाहीत.

आणि पत्नीची नोकरी सुटली तर? ८४ हजारांत ३८ ईएमआय, साडेतीन मेंटेनन्स, ६२ खर्च. दर महिना वीस हजारांची तूट. ‘मग जवळपास काहीतरी बघेल’ या वाक्यावर वीस वर्षांचं कर्ज काढू नका. दादरच्या ४६ हजारांची जागा घेणारी नोकरी बदलापूरला आधी शोधून पाहा, हातात पत्र येऊ द्या.

प्रवास पैशात मांडता येत नाही, पण तासांत येतो. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. आज दोघं अर्ध्या तासात घरी पोचता. तिकडून दारापासून दारापर्यंत दोन तास धरा, आणि फास्ट चुकली की अधिक. म्हणजे रोज तीन तास जास्त, महिन्याला माणशी सत्तर-बाहत्तर. पाच वर्षांच्या मुलीसाठी याचा अर्थ असा की संध्याकाळी आठ-साडेआठपर्यंत उघडं राहणारं पाळणाघर हवं. ते त्या कॉम्प्लेक्सजवळ आहे का, हे सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी बघायचं.

तरीही जागेची ओढ खोटी नाही. २८० फुटांत मूल वाढवताना काय होतं हे समजतं, आणि बदलापूरला जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण जागा विकतच घ्यायला हवी असं कुठे आहे? तिथे टू बीएचके १२ हजारांच्या आसपास भाड्याने मिळतो. म्हणजे ५५ लाखांच्या घराचं वर्षाचं भाडं १ लाख ४४ हजार, किमतीच्या २.६ टक्के. तेच घर वापरायला तुम्ही बँकेला साडेआठ टक्के द्यायला निघालात. पाच वर्षांत दुप्पट व्हायला किंमत दरवर्षी जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढावी लागते. उपनगरात इमारतींमागून इमारती उभ्या राहत असताना या आशेवर कर्ज काढू नये.

अकरा महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार करा आणि त्यात एक पूर्ण पावसाळा येऊ द्या. उल्हास नदीकाठी हे फार महत्त्वाचं आहे. २६ जुलै २००५ ला तिथे काय झालं ते जुने रहिवासी सांगतील, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस शेजारच्या वांगणीजवळ पुरात अडकून हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. जो प्रकल्प पाहताय तो जलसंपदा विभागाच्या निळ्या-लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे, ते नकाशावर बघा. एप्रिल-मे महिन्यांत शेजारच्या सोसायटीत टँकर येतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्सवर किती चढतात, हे तिथल्या वॉचमनला विचारा.

भाड्यातले २४ हजार वाचतील, त्यातले आठ-नऊ पाळणाघराला, दोन-तीन फर्स्ट क्लासच्या पासांना आणि स्टेशनच्या रिक्षांना. निव्वळ बारा. प्रीमियमचे २१, सध्या उरतात ते ११, त्यातून टर्मचे दोन वजा. महिना ४२ हजार, तीन वर्षांत १५ लाखांवर. हे आरडी आणि छोट्या मुदतीच्या एफडीतच ठेवा. तीन वर्षांनी लागणाऱ्या पैशाला शेअर बाजारात जागा नाही. एफडीचे ३ लाख डाउन पेमेंटमधून काढून घ्या. तो आणीबाणीचा निधी आहे आणि तो सहा लाखांवर न्यायचाय. हे सगळं धरून साडेतेवीस लाख जमायला साधारण चार वर्षं लागतील. ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळालेलं तयार घर घेतलंत तर जीएसटीही नाही आणि भाडं-व्याज दोन्ही भरायची वेळही येणार नाही.

तेव्हा घ्याल त्या घराचा कार्पेट एरिया (घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ) महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नोंदीवरून वाचा. तुम्हाला सांगितलेले ८५० बहुधा कार्पेट नाहीत. बांधकाम चालू असलेलंच घ्यायचं झालं, तर ताब्याची तारीखही तिथूनच घ्या, ती किती वेळा पुढे गेली तेही कळतं. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ शकत नाही. आणि कर्ज मंजूर करताना बँक एक सिंगल प्रीमियम विमा कर्जातच घालू पाहील. तो सक्तीचा नाही. टर्म प्लॅनची प्रत समोर ठेवा आणि नको म्हणून लेखी द्या.